अँटी-सीसीपीचा आकडा वाढला म्हणजे आमवात वाढला का?

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आपल्या आईंना, वय 52, दीड वर्षापूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, म्हणजे ज्याला आपण आमवात म्हणतो त्याचे, निदान झाले. त्या वेळी आरए फॅक्टर 142 आणि अँटी-सीसीपी 210 होते. मेथोट्रेक्सेट सुरू केल्यानंतर, सकाळी दोन-दोन तास आखडून राहणारी त्यांची बोटे आता दहा मिनिटांत मोकळी होतात, मनगटांची सूज उतरली आहे आणि त्या पुन्हा शिवणकाम करू लागल्या आहेत. मात्र गेल्या महिन्यात आपण स्वतःहून करून घेतलेल्या तपासणीत आरए फॅक्टर 61 पर्यंत उतरलेला आणि अँटी-सीसीपी 296 पर्यंत चढलेला आढळला. आजार आतल्या आत वाढतो आहे का, औषधाचा डोस वाढवावा का आणि हा आकडा शून्यावर कसा आणावा, असे आपण विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर. आपण लिहिलेल्या माहितीवरून आईंचा आजार वाढल्याचे कोणतेही चिन्ह मला दिसत नाही. केवळ अँटी-सीसीपी 210 चा 296 झाला म्हणून डोस वाढवू नये, आणि हा आकडा शून्यावर आणणे हे उपचारांचे उद्दिष्टच नव्हे. हा आजार कोणत्या जातीचा आहे आणि पुढे तो कसा वागण्याची शक्यता आहे, हे आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या प्रतिपिंडांवरून, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीने तयार केलेल्या प्रथिनांवरून, कळते. तो आज किती पेटलेला आहे, हे सांध्यांवरूनच ठरवावे लागते.

या दोन गोष्टींची गल्लत का होते, हे समजण्यासाठी प्रतिपिंडे म्हणजे काय ते पाहावे लागेल. आरए फॅक्टर हे एक विचित्र प्रतिपिंड आहे. ते कोणत्याही जंतूवर चाल करून जात नाही, तर आपल्याच शरीरातल्या दुसऱ्या प्रतिपिंडांच्या बुडख्याला जाऊन चिकटते. नॉर्वेचे एरिक वालर यांनी 1940 मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून जुन्या रिपोर्टांवर 'रोझ-वालर टेस्ट' असा उल्लेख सापडतो. आमवाताच्या दहातल्या साधारण सात रुग्णांत तो आढळतो, पण तो केवळ आमवातात आढळतो असे नाही. हिपॅटायटिस सी, क्षयरोग, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग, तोंड आणि डोळे कोरडे पाडणारा श्योग्रेन आजार, या सगळ्यांत तो वाढलेला असू शकतो आणि वय वाढते तसा काही पूर्ण निरोगी माणसांतही दिसू लागतो. म्हणून नुसता आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला आणि सांधे निर्दोष असले, तर त्या माणसाला आमवाताचा रुग्ण ठरवणे चुकीचे आहे. असे रिपोर्ट हातात घेऊन घाबरून आलेली माणसे मी दर आठवड्याला पाहतो.

अँटी-सीसीपी त्यापेक्षा पुष्कळ नेमके आहे. शरीरातल्या प्रथिनांमध्ये आर्जिनिन नावाचे एक अमिनो आम्ल असते. काही विकरे त्याचे रूपांतर सिट्रुलिनमध्ये करतात. जिथे दाह असतो तिथे हे सर्वांच्याच शरीरात घडते. काही जणांची रोगप्रतिकारशक्ती मात्र या बदललेल्या प्रथिनांना परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. धूम्रपानामुळे फुफ्फुसांत, तसेच हिरड्यांच्या जुनाट आजारामुळे तोंडात ही प्रक्रिया सुरू होत असावी, असे मानण्यास बराच आधार आहे, आणि ज्यांच्यात विशिष्ट एचएलए जनुके असतात त्यांना हा धोका अधिक असतो. 1998 मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ही प्रतिपिंडे सिट्रुलिनला ओळखतात हे दाखवून दिले आणि त्यातूनच आजची तपासणी आकाराला आली. ती पॉझिटिव्ह असेल आणि सांध्यांत सूज असेल, तर आमवाताचे निदान चुकण्याची शक्यता फारच थोडी राहते.

आता आपल्या मूळ मुद्द्याकडे वळतो. या तपासणीत वापरला जाणारा 'सायक्लिक सिट्रुलिनेटेड पेप्टाइड' हा प्रयोगशाळेत घडवलेला कृत्रिम तुकडा आहे. तो आईंच्या सांध्यांत कुठेही नाही. त्यांच्या रक्तात फायब्रिनोजेन, व्हायमेंटिन, इनोलेज अशा वेगवेगळ्या प्रथिनांच्या सिट्रुलिनयुक्त रूपांना ओळखणारी प्रतिपिंडांची एक पूर्ण फळी आहे. त्यांतली जेवढी त्या कृत्रिम तुकड्याला चिकटतात, तेवढ्यांची बेरीज रिपोर्टवर उमटते. त्यांतली कोणती आज उपद्रव करत आहेत आणि कोणती नुसतीच फिरत आहेत, हे त्या बेरजेतून समजत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीच्या किटची एकके आणि मर्यादा निराळ्या असतात. दीड वर्षापूर्वीची तपासणी आणि आताची तपासणी एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीच्या किटवर झाली होती का, हे आपण पाहावे. नसेल, तर 210 आणि 296 यांची तुलना करण्यात अर्थच नाही, आणि असेल तरीही, आकडे इतके वर गेल्यावर मोजमापातला नेहमीचा चढउतारही बराच मोठा असतो.

उपचारांनी सांधे शांत होतात, तरी प्रतिपिंडे का उतरत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. ती बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींपैकी काही थोडे दिवस जगतात, तर काही अस्थिमज्जेत ठाण मांडून वर्षानुवर्षे प्रतिपिंडे तयार करत राहतात. लहानपणी घेतलेल्या लशीचे संरक्षण मोठेपणीही टिकते, ते अशाच पेशींमुळे. मेथोट्रेक्सेट सांध्यांतला दाह उत्तम प्रकारे विझवते, पण मज्जेतल्या या जुन्या पेशींना ते हात लावत नाही. आरए फॅक्टरमध्ये अल्पायुषी पेशींचा वाटा अधिक असतो, म्हणून उपचारांबरोबर तो बऱ्याचदा खाली येतो आणि अँटी-सीसीपी मात्र जिथल्या तिथे राहते. आईंच्या दोन आकड्यांनी विरुद्ध दिशा धरली, यात चमत्कारिक काही नाही. ज्यांच्यापासून प्लाझ्मा पेशी तयार होतात त्या बी पेशी नष्ट करणारे रिटक्सिमॅब हे औषधसुद्धा प्लाझ्मा पेशींवर थेट काम करत नाही, कारण ज्या खुणेवर ते नेम धरते ती सीडी-20 नावाची खूण त्या पेशींवर नसतेच.

याहून बोलका पुरावा रक्तदात्यांच्या साठवलेल्या रक्तातून मिळाला. ज्यांना पुढे आमवात झाला अशा डच रक्तदात्यांचे जुने नमुने तपासल्यावर, 2004 च्या त्या अभ्यासात असे दिसले की सुमारे निम्म्या लोकांच्या रक्तात लक्षणे सुरू होण्याच्या कितीतरी आधी, मध्यमानाने साडेचार वर्षे आधी, यांपैकी एक तरी प्रतिपिंड हजर होते. त्या काळात त्यांची बोटे दुखत नव्हती आणि सांधे सुजत नव्हते. म्हणजे प्रतिपिंड भरपूर आणि आजाराची सक्रियता शून्य, अशी स्थिती वर्षानुवर्षे असू शकते. दुसरे उदाहरण गरोदरपणाचे आहे. आमवात असलेल्या पुष्कळ स्त्रियांना गरोदरपणात लक्षणीय आराम पडतो आणि प्रसूतीनंतर काही महिन्यांत आजार पुन्हा डोके वर काढतो. या सगळ्या चढउतारात त्यांच्या प्रतिपिंडांची पातळी मात्र फारशी हलत नाही.

मग आजार किती सक्रिय आहे हे कसे ठरवायचे? त्याचे पहिले साधन डॉक्टरांचे अंगठे आहेत, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. बोटाच्या मुळाचा सांधा तपासताना दोन्ही अंगठ्यांनी त्याच्या दोन्ही बाजूंवर इतका दाब द्यायचा असतो की तपासणाऱ्याच्या नखाखालचा गुलाबी रंग पांढरा पडावा. निरोगी सांध्यावर बोटाखाली हाडाची कड स्पष्ट लागते आणि दोन हाडांमधली खाच जाणवते. सुजलेल्या सांध्यात ती खाच भरून गेलेली असते, एका बाजूने दाबले तर दुसऱ्या बाजूचा अंगठा किंचित वर उचलला जातो आणि हाताला पिकू लागलेल्या फळासारखा मऊपणा लागतो. हाड वाढल्यामुळे झालेली गाठ कठीण असते. तिला आमवाताची सूज समजू नये. असे 28 सांधे मोजायचे असतात: बोटांच्या मुळाचे दहा, बोटांच्या मधले दहा (अंगठ्याचा एकच सांधा धरून), दोन मनगटे, दोन कोपरे, दोन खांदे आणि दोन गुडघे. किती सांधे दाबल्यावर दुखतात आणि किती सुजलेले आहेत, हे वेगवेगळे नोंदवले जाते.

या मोजणीत ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या दोन रक्ततपासण्या) आणि रुग्णाने स्वतःच्या स्थितीला दिलेले गुण मिळवले की डीएएस-28 हा निर्देशांक तयार होतो. तो 2.6 च्या खाली असेल तर आजार शांत, 3.2 पर्यंत सौम्य, 5.1 पर्यंत मध्यम आणि त्यावर तीव्र मानला जातो. या सूत्रात आरए फॅक्टरला आणि अँटी-सीसीपीला कुठेही स्थान नाही, ही बाब आपण ध्यानात घ्यावी. ते विसरले म्हणून वगळलेले नाहीत. निदानासाठी 2010 मध्ये ठरवलेल्या निकषांत या प्रतिपिंडांना दहापैकी तीनपर्यंत गुण मिळतात आणि सहा गुणांवर आजाराचे वर्गीकरण निश्चित होते. म्हणजे आजार ओळखण्याच्या वेळी त्यांचे वजन मोठे आहे, सक्रियता मोजताना अजिबात नाही.

अर्थात निर्देशांकही डोळे मिटून स्वीकारू नये. समजा एखाद्या रुग्णाचा एकही सांधा दुखत नाही, एकही सुजलेला नाही, स्वतःची प्रकृती त्याला उत्तम वाटते, पण रक्तक्षयामुळे ईएसआर 50 आहे. सूत्रानुसार त्याचा डीएएस-28 केवळ ईएसआरमुळे 2.7 येतो आणि कागदावर आजार शांत ठरत नाही. ईएसआर वयानुसार वाढतो, स्त्रियांत थोडा अधिक असतो, रक्तक्षयात वाढतो. सीआरपी त्या मानाने झटपट हलते, दाह ओसरल्यावर काही दिवसांत उतरते, पण साध्या जंतुसंसर्गातही उसळते. याच्या उलट परिस्थिती टोसिलिझुमॅब घेणाऱ्या रुग्णांत येते. हे औषध इंटरल्युकिन-6 या दाह वाढवणाऱ्या रेणूचा संदेश अडवते आणि यकृत सीआरपी बनवते ते मुख्यतः याच संदेशावरून. समजा अशा रुग्णाचे चार सांधे दुखतात, तेच चार सुजलेले आहेत, ईएसआर 3 आहे आणि प्रकृतीसाठी त्याने शंभरपैकी दहा गुण दिले आहेत. गणित केले तर डीएएस-28 येतो 2.59, म्हणजे चार सुजलेले सांधे असूनही आजार शांत! अशा वेळी मी रक्ततपासणी अजिबात न लागणारा सीडीएआय वापरतो. त्यात दुखऱ्या सांध्यांची संख्या, सुजलेल्या सांध्यांची संख्या, रुग्णाचे दहापैकी गुण आणि डॉक्टरांचे दहापैकी गुण यांची साधी बेरीज असते. याच रुग्णासाठी ती चार अधिक चार अधिक एक आणि डॉक्टरांचे दोन धरले तर अकरा होते. दहाच्या वर आजार मध्यम सक्रिय समजला जातो, आणि ते वास्तवाला धरून आहे. 2.8 किंवा त्याखालचा सीडीएआय हवा, तेव्हाच आजार शांत म्हणता येतो.

रक्ताच्या आकड्यावर विसंबल्याने काय होते, याचा धडा मी या क्षेत्रात नवा असताना घेतला. एका बाईंचा आरए फॅक्टर सहा महिन्यांत तिसऱ्या हिश्शावर आला होता. त्या आनंदात होत्या आणि त्यांच्याहून अधिक आनंद मला झाला होता. चालताना डावा पाय टोचतो, असे त्या दोन भेटींत म्हणाल्या. मी हातांचे सांधे तपासले, ते चांगले होते, रिपोर्ट उतरता होता, म्हणून चपलेचा दोष असेल असे सांगून त्यांना परत पाठवले. तिसऱ्या भेटीत पायाचा एक्स-रे काढला, तेव्हा करंगळीच्या मुळाशी हाडाला पडलेले खड्डे स्पष्ट दिसत होते. आमवातात हाडाची झीज पुष्कळदा सर्वांत आधी याच जागी दिसते आणि 28 सांध्यांच्या मोजणीत पावलांचा समावेशच नाही. तिथले नुकसान भरून येत नाही. तेव्हापासून रुग्णाने पायाची तक्रार केली वा न केली, मी मोजे काढायला लावतो आणि पुढचे पाऊल दोन्ही बाजूंनी हलकेच आवळून पाहतो.

प्रतिपिंडांचे महत्त्व कमी आहे, असा अर्थ मात्र यातून कृपया काढू नये. ज्यांच्यात दोन्ही प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात असतात त्यांच्यात हाडांची झीज लवकर आणि अधिक होण्याची शक्यता असते. कोपरावरच्या गाठी आणि फुफ्फुसांचा सहभागही त्यांच्यात अधिक आढळतो. म्हणून सुरुवातीच्या उपचारात ढिलाई न करणे, धूम्रपान असेल तर ते थांबवणे, कोरडा खोकला किंवा चढताना लागणारी धाप यांकडे दुर्लक्ष न करणे, हे निर्णय त्या पहिल्या रिपोर्टवरूनच घेतले जातात. रिटक्सिमॅब आणि अॅबॅटासेप्ट ही औषधे पॉझिटिव्ह रुग्णांत अधिक चांगले काम करतात, म्हणून पुढे औषध बदलायची वेळ आली तर त्या माहितीचा उपयोग होतो. पण हे सारे आकडा पहिल्यांदा कळल्यावरच ठरते. तो दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजून त्यात भर पडत नाही. पहिला निकाल अगदी सीमेवरचा असला, किंवा निगेटिव्ह असूनही आजाराचा संशय दाट असला, तरच मी ही तपासणी पुन्हा करायला सांगतो. निगेटिव्ह असूनही आमवात असणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि त्यांचे सांधे कमी सुजतात असेही नाही.

त्यामुळे आईंच्या बाबतीत माझा सल्ला असा राहील. रक्त काढायचेच असेल तर ते मेथोट्रेक्सेटच्या सुरक्षिततेसाठी काढावे: रक्तपेशींची मोजणी, यकृताची विकरे आणि क्रिएटिनिन, साधारण दर तीन महिन्यांनी, त्याच वेळी ईएसआर आणि सीआरपी. गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घेतली जाते ना, याची एकदा खात्री करून घ्यावी, कारण ती चुकून रोज घेतल्याने झालेली विषबाधा जीवघेणी ठरू शकते. हातांचा आणि पावलांचा एक्स-रे वर्षातून एकदा काढून आधीच्या फिल्मशेजारी ठेवून पाहावा. एखाद्या सांध्याबद्दल शंका राहिली तर सोनोग्राफीत अस्तराची सूज आणि तिथला वाढलेला रक्तप्रवाह दोन्ही दिसतात. आपल्या डॉक्टरांना सीडीएआय किती आहे, असे थेट विचारावे आणि तो आकडा वहीत लिहून ठेवावा. आजार सक्रिय असताना दर एक ते तीन महिन्यांनी तो पाहिला जावा, तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही किंवा सहा महिन्यांत ठरवलेले उद्दिष्ट गाठले नाही तर उपचार बदलावेत, अशी पद्धत जगभर रूढ आहे, आणि तिच्यामुळे रुग्णांचे हात वाचले आहेत.

एका प्रसंगी मात्र आईंची प्रतिपिंडे पुन्हा चर्चेत येतील. आजार बराच काळ शांत राहिला आणि औषध कमी करण्याचा विषय निघाला, तर अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असलेल्यांत आजार उलटण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी मी डोस फार सावकाश, एका वेळी एकच औषध असा उतरवतो आणि पूर्ण बंद करण्याची घाई करत नाही. आकडा 210 असो की 296, तो निर्णय तोच राहील. तोपर्यंत सकाळी बोटे किती मिनिटांत मोकळी होतात, पाण्याच्या बाटलीचे झाकण त्यांना उघडता येते का आणि अंगठी घट्ट होऊ लागली आहे का, एवढे त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा टिपून ठेवावे, आणि पुढच्या भेटीला ते टिपण सोबत आणावे.